घोडीची पाठ तपासूच नका

घोडी घेतली? बेस केलं बाप्पा! सारंगखेड्याच्या यात्रेत देवमण म्हणजे अंगावरचा केसांचा शुभ भोवरा पाहिला, आसूढाळ हा अशुभ भोवरा नाही याची खात्री केली, चार पाय आणि कपाळ पांढरं म्हणून पंचकल्याणीचे वरचे पैसेही मोजले. पाठीवरून हात फिरवायचा तेवढा राहिला. राहू द्या. भोवरे जागेवर असले की मणक्यांची काय बिशाद!

आता वऱ्हाडात आणल्यावर ती तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, कसताना कान मागे टाकते, शेपटी झटकते, चावायला येते. हा नखरा आहे, असं पानठेल्यावर ठरवून घ्या. खर्रा घोटता घोटता केलेलं निदान एक्स-रेपेक्षा स्वस्त पडतं. मानेच्या बुडाशी उंचवट्यावर पांढऱ्या केसांचे चट्टे असतील, तर तेही शुभच समजा. तिथे आधीचं खोगीर रुतत होतं, हे कुणाला सांगायचं नाही.

तपासायचीच हौस असेल, तर पेनाचं टोक पाठीवरून ओढा. निरोगी घोडीही पाठ झटकन खाली घेते आणि सोडते. तुम्ही लगेच "दुखते, दुखते" म्हणून ओरडा. खरी दुखरी घोडी कित्येकदा हलतच नाही, फळीसारखी ताठ उभी राहते. तिला "किती सोशिक!" म्हणून शाबासकी द्या. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांच्या पेरांनी सावकाश दाबत पुठ्ठ्यापर्यंत जायचं, कुठे स्नायू थरथरतो ते पाहायचं, मग कडक जमिनीवर मोकळी दुडकी चालवायची, असले उद्योग रिकामटेकड्यांचे. उगाच मागचा पाय लंगडताना दिसला, तर पाठीचं दुखणं पायातून आलंय हे कळायचं. दात आणि पोटातले व्रणही असंच नाटक करतात म्हणे. किती ठिकाणी पाहत बसणार?

घोड्याला छातीचे मणके १८. त्यांच्यावरची उभी हाडं कधी कधी एकमेकांना घासतात, आणि तीही बहुधा नेमकी खोगिराखाली. पण आपल्याकडे खोगीर एकच, मापही एकच: सासऱ्याच्या घोड्याचं. भाराचा ढोबळ हिशोब जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाचा. म्हणजे ३५० किलोच्या घोडीवर खोगिरासकट ७०. आपला नवरदेव उपाशीपोटी ८५, त्यावर शेरवानी, पुढ्यात करवला. लग्नात कोणी वजनकाटा आणतं का?

नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, तरी घाई करू नका. आधी दुखण्याची सुई टोचा, म्हणजे डॉक्टरासमोर घोडी हरणासारखी चालेल आणि तुमचंच म्हणणं खरं ठरेल. त्यातूनही त्यांनी खोगीर उतरवून विश्रांती सांगितली, तर लग्नसराईच्या तारखांची वही पुढे करा. ॲडव्हान्स कोणाकोणाचा आलाय ते वाचून दाखवा. डॉक्टर वहीवर औषध लिहून देतात का पाहा. नाहीतर डीजेचा आवाज वाढवायला सांगा, घोडी आपोआप नाचते.