‘मॅनेजर काही डॉक्टर नव्हे’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरातल्या कारखानदारांच्या, सुपरवायझरांच्या आणि पतसंस्थांमधल्या अधिकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर गेले काही महिने एक संदेश फिरतो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे : मानसिक आरोग्य हे पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांचे चोचले आहेत, आपल्याकडच्या कष्टकरी माणसाला असले आजार होत नाहीत, घरचे प्रश्न घरी ठेवून कामावर यावे, मॅनेजर काही डॉक्टर नव्हे, एकाला सवलत दिली की दहाजण रांगेत उभे राहतात, आणि कुणाला खरोखरच ताण असेल तर त्याने योगासने आणि ध्यान करावे, कंपनीने त्यासाठी काही करण्याची गरज नाही.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कार्मिक विभागात काम केलेला माणूस म्हणून मला या संदेशाची दखल घ्यावीशी वाटते, कारण तो केवळ वाचून सोडून दिला जात नाही. रजेचा अर्ज नाकारताना, शिफ्ट बदलून देण्यास नकार देताना आणि एखाद्याला सर्वांसमोर झापताना आतल्या आत त्याचाच आधार घेतला जातो.

पहिला मुद्दा आयटीवाल्यांचा. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. पाहणीच्या वेळी मानसिक विकार असलेल्या प्रौढांचे प्रमाण त्यात १०.६ टक्के आढळले. महानगरांत ते अधिक होते हे खरे, पण ग्रामीण भागात ते शून्याच्या जवळपासही नव्हते. शंभर माणसांच्या कारखान्याला हे प्रमाण अगदी ढोबळपणे लावले तरी दहाच्या आसपास माणसे होतात. त्याच सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. म्हणजे आपल्याला ही माणसे दिसत नाहीत, याचे कारण ती नाहीत हे नसून ती कुणाकडे गेलेली नाहीत हे आहे. आपल्या भागात तर मनाचा त्रास बहुधा शरीराच्या तक्रारीतून बाहेर येतो. फेटलिंगवरचा, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणारा, कामगार ‘मला उदास वाटते’ असे म्हणत नाही. पित्त वाढले आहे, डोके जड असते, छातीत धडधडते, रात्री दोन वाजता जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, असे तो सांगतो, फॅमिली डॉक्टरकडून ईसीजी काढून घेतो आणि तो नॉर्मल आला की खाडा पडू नये म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर होतो.

शिवाय या जिल्ह्याला स्वतःची अशी कारणेही आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ज्यांच्या घरात तेव्हा छपरापर्यंत पाणी आले, त्यांच्यापैकी कितीतरी जण आजही जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की मशीनवर उभे राहून खिशातला मोबाईल पुन्हा पुन्हा काढून पाहतात. ‘फोन बाजूला ठेव’ असे ओरडणे सोपे आहे. त्याऐवजी दर दोन तासांनी पुलावरची पातळी खात्यातल्या फळ्यावर लिहिली, आणि नदीकाठच्या वस्तीतल्या माणसांना सामान हलवण्यासाठी अर्धा दिवस लवकर सोडले, तर त्या दिवसांतल्या चुकाही कमी होतात आणि माणूस वर्षभर ते विसरत नाही. यासाठी फारसा खर्च येत नाही.

दुसरा मुद्दा या संदेशातला सर्वांत वजनदार आहे, कारण तो अर्धा बरोबर आहे. मॅनेजर डॉक्टर नाही आणि त्याने डॉक्टर होऊही नये. ‘तुला डिप्रेशन आहे’ असे निदान त्याने करू नये, गोळ्या चालू करण्याचा किंवा बंद करण्याचा सल्ला देऊ नये, आणि ‘मन घट्ट कर’ एवढ्यावर विषय संपवूही नये. पण कामगाराच्या दिवसातले आठ-नऊ तास ज्या गोष्टींनी बनतात, त्या सगळ्या मॅनेजरच्याच हातात असतात : कोणती शिफ्ट, कोणते काम, किती टार्गेट, रजा मंजूर की नामंजूर, चूक झाल्यावर कुणासमोर आणि कोणत्या शब्दांत बोलायचे. डॉक्टरच्या हातात यातले काहीही नसते. मिरजेचा उत्तमातला उत्तम मानसोपचारतज्ज्ञ नाईट शिफ्टची पाळी बदलून देऊ शकत नाही. ते सुपरवायझरलाच करावे लागते.

हे करायचे कसे, याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नेमके येथेच बहुतेक जण अडखळतात. सुरुवात माणसातला बदल लक्षात येण्यापासून होते. एरवी वेळेवर येणारा माणूस महिन्यात चार-पाच वेळा उशिरा येऊ लागतो, ज्याने बनवलेले भाग कधी परत येत नसत त्याचे रिजेक्शन वाढते, डबा खाताना चेष्टामस्करी करणारा एका कोपऱ्यात जाऊन बसतो, वारंवार उचल मागू लागतो किंवा सकाळीच तोंडाला दारूचा वास येऊ लागतो. यातल्या एकाही गोष्टीवरून निदान करता येत नाही, पण यातली प्रत्येक गोष्ट चौकशी करण्यास पुरेशी आहे. ही चौकशी मशीनजवळ, चारचौघांत करू नये. केबिनमध्ये बोलावून, दार लावून, समोर बसवून करावी, आणि जे प्रत्यक्ष दिसले तेवढेच आधी बोलावे. ‘तुझं लक्ष असतं कुठं?’ या प्रश्नाला खाली मान घालण्याखेरीज उत्तर नसते. ‘गेल्या महिन्यात तुम्ही चार वेळा उशिरा आलात, एरवी तुमचं असं कधी नसतं, काही अडचण आहे का? कामातली असली तरी सांगा, घरची असली तरी सांगा, सांगायची नसली तरी हरकत नाही’ असे म्हटले की बहुतेक वेळा पहिल्या दिवशी ‘काही नाही साहेब’ असेच उत्तर येते. तेव्हा रागावू नये. आठवड्याने पुन्हा विचारावे. दुसऱ्यांदा विचारले की समोरच्याला कळते की ही केवळ औपचारिकता नव्हती.

त्याने सांगितलेच, तर ते त्या खोलीतच राहिले पाहिजे. ही अट आपल्या भागात विशेष कडक हवी. कुपवाडमध्ये सुपरवायझर आणि कामगार पुष्कळदा एकाच गावचे, एकमेकांच्या पाहुण्यांतले असतात. कारखान्यात दुपारी बोललेली गोष्ट संध्याकाळी माणूस घरी पोहोचण्याआधी पारावर पोहोचलेली असते. एकदा असे झाले की त्या खात्यातला दुसरा कोणीही पुढे कधी तोंड उघडत नाही, आणि मग ‘आमच्याकडे कुणालाच त्रास नाही’ असे मॅनेजरला प्रामाणिकपणे वाटू लागते.

यानंतर दोनच प्रश्न उरतात. कामात तात्पुरता काय बदल करता येईल, आणि उपचारासाठी कुठे पाठवता येईल? पहिल्याचे उत्तर त्या माणसालाच विचारावे. दोन आठवडे नाईट नको, की एकट्याने चालवायच्या मशीनऐवजी सोबतीचे काम हवे, की दर गुरुवारी तपासणीला जाण्यासाठी दोन तास हवेत, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले माहीत असते. जे ठरेल ते मुदतीसह ठरवावे आणि मुदत संपल्यावर पुन्हा बसून पाहावे. उपचारासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाईन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिच्यावर मराठीत बोलता येते. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मानसोपचाराची सोय आहे. हा क्रमांक सूचना फलकावर तर लावावाच, पण स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावावा, म्हणजे कुणी पाहत नसताना तो लिहून घेता येतो.

जगण्यात अर्थ नाही, आपण नसलो तर बरे, असे कुणी बोलले तर ते मनावर न घेणे ही सर्वांत मोठी चूक होय. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो, हा समज अभ्यासांनी चुकीचा ठरवला आहे. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे शांतपणे, स्पष्ट विचारावे, त्या माणसाला एकटे सोडू नये, घरच्या विश्वासू व्यक्तीला बोलवावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. येथे पोलिसांच्या भीतीने पुष्कळ जण मागे सरतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करायची नसते. तिला उपचार आणि पुनर्वसन पुरवणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे.

‘एकाला सवलत दिली की दहाजण येतात’ या तिसऱ्या मुद्द्यामागची भीती मी समजू शकतो, पण ती अनुभवाला धरून नाही. सवलत ही साहेबांच्या मर्जीवर असेल तेव्हाच रांग लागते. शिफ्ट बदलून घेण्याचा नियम सर्वांना ठाऊक असेल, कुणालाही लागू असेल आणि त्याची मुदत ठरलेली असेल, तर फायदा उठवणारा एखादाच निघतो आणि तो खात्यातल्या इतरांनाही लगेच ओळखू येतो. ऑस्ट्रेलियात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना, हाताखालच्या माणसांच्या मानसिक आरोग्याविषयी कसे बोलावे याचे केवळ चार तासांचे प्रशिक्षण देऊन पाहिले गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर, प्रशिक्षित अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या लोकांच्या कामाशी संबंधित आजारपणाच्या रजा वाढल्या नाहीत, कमी झाल्या. आणि प्रशिक्षणावरच्या खर्चाच्या सुमारे दहापट रक्कम वाचली असा हिशेब निघाला. रजा नाकारून ओढूनताणून कामावर आणलेल्या माणसाचा हिशेब मात्र आपण कधीच मांडत नाही. तीन रात्री न झोपलेला माणूस पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, उभा करणे किती धोक्याचे, हे कुपवाडमध्ये कुणाला समजावून सांगावे लागू नये.

उरला योगासनांचा सल्ला. योगासनांना आणि ध्यानाला माझा काडीचाही विरोध नाही. ज्याला त्यातून बरे वाटते त्याने ते जरूर करावे. विरोध आहे तो कामाची पद्धत तशीच ठेवून माणसालाच दुरुस्त करायला निघण्याला. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्यानाची ॲप, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुस्थितीत आहेत, असे त्यात आढळले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यातही कामाचा बोजा, कामाचे तास आणि स्वतःच्या कामावर माणसाचे असणारे नियंत्रण यांत बदल करण्यावर आणि व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणावर भर आहे. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरील व्हाइटहॉल अभ्यासाने तर, ज्यांना स्वतःच्या कामाविषयी काही ठरवण्याची मुभा कमी, त्यांना हृदयविकार अधिक, असे १९९७ मध्येच दाखवले होते.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर पतसंस्थांचे आणि सहकारी बँकांचे देता येईल. काही ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये वसुलीचा व्हॉट्सॲप गट रात्री अकरापर्यंत वाजत राहतो. ‘आज किती?’ असा प्रश्न येतो, शाखावार यादी पडते, मागे राहिलेल्यांची नावे लाल अक्षरांत असतात आणि ती शिपायापासून संचालकापर्यंत सगळे पाहतात. वसुली अधिकारी दिवसभर ज्या कर्जदारांच्या दारात उभा राहून आला, त्यांच्यातल्या कुणाची बाग अवकाळीने गेलेली, कुणाचा बेदाणा भावाअभावी कोल्ड स्टोरेजमध्ये पडून. पैसे नाहीत हे त्यालाही दिसते, आणि ते वर सांगण्याची सोय नाही. अशा माणसाला २१ जूनला चटईवर बसवून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगण्याने फारसे साधणार नाही. रात्री आठनंतर गटावर संदेश टाकायचा नाही, आकडे ज्याचे त्याला स्वतंत्र कळवायचे, आणि जे खाते खरोखरच थकणार आहे त्याची नोंद अधिकाऱ्याने कारणासह केली तर ती त्याची कसूर मानायची नाही, हे तीन निर्णय शाखा व्यवस्थापक आणि मुख्य कार्यालय मिळून एका बैठकीत घेऊ शकतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगायची तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्याच कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराच्या उपचारांनाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. कारखान्याच्या गटविम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी हे कलम दाखवून विचारणा करणे कार्मिक विभागाचे काम आहे.

एका गोष्टीचा उल्लेख संदेशात नाही, पण तो केल्याशिवाय सुपरवायझरवर अन्याय होईल. आपल्याकडच्या पुष्कळ युनिटमध्ये वीस-पंचवीसच माणसे असतात, कार्मिक विभाग नसतोच, आणि सुपरवायझर स्वतःच मालक आणि कामगार यांच्या मधोमध चेपलेला असतो. त्याचे मोजमाप केवळ रोजच्या उत्पादनाच्या आकड्यावर होते. खात्यातले खाडे किती, सोडून गेलेली माणसे किती, किरकोळ अपघात किती, हे आकडे त्याच वहीत त्याच्या नावासमोर लिहिलेले नसतात, म्हणून आरडाओरडा करून महिन्याचे टार्गेट गाठणारा सुपरवायझर मालकाला कामाचा वाटतो आणि माणसे टिकवून तेवढेच काम काढणारा नुसता मवाळ वाटतो. मालकाने दरमहा हे चारही आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहावेत, आणि सुपरवायझरला केबिनमध्ये बोलावल्यावर उत्पादनाच्या आधी त्याची स्वतःची झोप कशी आहे हेही विचारावे.