दगडी मुलाम्याचा पत्रा आणि खारा वारा

‘दगडाचा थर असल्यामुळे हे छप्पर समुद्राकाठीही कधी गंजत नाही,’ असा, बारीक खडी चिकटवलेल्या पोलादी पत्र्याबद्दलचा एक संदेश गोव्यातल्या मोरजी-मांद्रेकडच्या गटांतून फिरतोय. हे खरं नाही. ज्यांनी घर बांधायला काढलंय ते लोक त्यावर विसंबून पैसे मोजताहेत, म्हणून हा खुलासा.

वरची खडी उन्हापासून रंगाला जपते आणि पावसाचा ताशा जरा दबवते. गंज मात्र अडवतो तो खालच्या पोलादावरचा अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा. त्यात साधारण 55 टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं. तो तुटला की खडी काही करू शकत नाही.

आणि तो तुटतो कुठे? कापलेल्या कडेला, स्क्रूच्या भोकाशी. आमच्या वाड्यावरच्या एका घराचं छप्पर वरून नवंकोरं दिसतं. शिडी लावून पागोळीची कड बोटाने चाचपली, तर तपकिरी भुगा हाताला लागला. ग्राइंडरने कापलं होतं. ठिणग्यांनी मुलामा जळतो, म्हणून कात्रीनेच कापून घ्या, कड लगेच रंगवा, भोकं पाडताना पडलेला कीस त्याच दिवशी झाडा. स्क्रू पत्रा बनवणाऱ्याने समुद्राकाठासाठी सांगितलेलेच आहेत का, हे विचारा. वळचणीखाली पाऊस पोचत नाही, तिथलं मीठ गोड्या पाण्याने धुवावं लागतं.

‘50 वर्षांची हमी’ असेल, पण समुद्रापासून किती अंतरापर्यंतचं घर त्यातून वगळलंय ते कागदावर वाचा, आणि मगच आगाऊ रक्कम द्या.