कॉर्नरबॅक घेताना ‘फक्त स्पीड बघा’? सिम लीगमध्ये हा सल्ला महागात पडतो

मॅडन या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये प्रत्येक खेळाडूच्या कार्डावर स्पीड, टॅकलिंग अशा गुणांचे शंभरच्या आतले आकडे असतात. तो खेळणाऱ्यांमध्ये कॉर्नरबॅकबद्दल, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) रोखणाऱ्या बचावपटूबद्दल, एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. नवा मोसम आला, लीगचा ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडणं) तोंडावर आला, की कुणीतरी तो परत टाकतं आणि खाली ‘शंभर टक्के बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागते. सल्ला साधारण असा असतो:

“कॉर्नरबॅकचं स्पीड ९३च्या खाली असेल तर त्याच्याकडे बघूही नका. स्पीड शिकवता येत नाही, बाकी सगळं येतं. अवेअरनेस म्हणजे ओव्हरऑल फुगवायचा आकडा. झोन कव्हरेज ज्यांना मॅन जमत नाही त्यांच्यासाठी. चांगला कॉर्नर इंटरसेप्शनवरून ओळखायचा. आणि टॅकलिंगसाठी कॉर्नरवर एक पॉइंटही घालवू नका.”

यातल्या शब्दांचा अर्थ आधी: ओव्हरऑल म्हणजे खेळाडूचा एकूण आकडा. मॅन म्हणजे ठरलेल्या रिसीव्हरच्या मागे राहायचं, झोन म्हणजे मैदानाचा ठरलेला भाग सांभाळायचा. इंटरसेप्शन म्हणजे समोरच्याचा पास मधेच झेलणं, आणि टॅकलिंग म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणं.

मी गेली काही वर्षं सिम लीग खेळतोय. म्हणजे संघ आपण बांधायचा, डावपेच आपण ठरवायचे, पण सामना कॉम्प्युटर विरुद्ध कॉम्प्युटर. हातात कंट्रोलर नाही. रविवारी रात्री साडेदहाला एनएफएल या अमेरिकेतल्या खऱ्या लीगचे सामने सुरू होतात तेव्हा एका पडद्यावर ते आणि दुसऱ्यावर आमच्या लीगचा सामना, असं माझं चालतं. या सल्ल्यावर विसंबून नव्या मुलांनी बांधलेले संघ अर्ध्या मोसमात कोसळताना मी पुन्हा पुन्हा पाहिलेत, आणि ती मुलं कंटाळून लीग सोडून जातात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी हा सल्ला आला कुठून, ते बघू. तो आला समोरासमोर ऑनलाइन खेळणाऱ्यांकडून. तिथे माणूस सेफ्टी किंवा लाइनबॅकर असा दुसरा एखादा बचावपटू स्वतःच्या हातात घेतो, समोरच्याचा आवडता डाव ओळखतो आणि कॉर्नर चुकला तरी मागून जाऊन भोक बुजवतो. तिथे कॉर्नरची अक्कल माणूस पुरवतो, त्यामुळे कॉर्नरकडून फक्त पाय लागतात. सिम लीगमध्ये अक्कल पुरवायला कुणी नसतं. खेळाडूच्या कार्डावर जे आकडे आहेत तेवढीच त्याची अक्कल. एका खेळातला सल्ला उचलून दुसऱ्या खेळात लावला, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आता ‘९३च्या खाली बघूही नका’ हे घ्या.

स्पीडला किंमत नाही असं मी म्हणत नाही. सिममध्येही मंद कॉर्नर लांबच्या पासवर उघडा पडतो. प्रश्न इतकाच, की ९० आणि ९५ यांच्यातला फरक विकत घेताना आपण काय गमावतो. खऱ्या मैदानावरचा हिशेब करून बघा. ड्राफ्टआधीच्या कंबाइन या चाचणीत ४० यार्डांची धाव मोजतात. एक कॉर्नर ४.४ सेकंदांत पळाला, दुसरा ४.५ सेकंदांत. या एका दशांश सेकंदावरून कोट्यवधी डॉलर इकडचे तिकडे होतात. पण सेकंदाला नऊ-दहा यार्ड या वेगाने एक दशांश सेकंद म्हणजे जेमतेम एक यार्ड. तोही पूर्ण ४० यार्ड सरळ रेषेत पळाल्यावर.

आता दुसरी बाजू. रिसीव्हरने हूल दिली आणि कॉर्नर पाव सेकंद फसला. तेवढ्यात रिसीव्हर दोन-अडीच यार्ड निघून गेला. चाळीस यार्डांमागे एक यार्ड या हिशेबाने ते अडीच यार्ड भरून काढायला आपल्या वेगवान कॉर्नरला शंभर यार्ड पळावं लागेल. म्हणजे अख्खं मैदान. आणि पास टाकणारा क्वार्टरबॅक तर स्नॅपनंतर, म्हणजे डाव सुरू झाल्यावर, सरासरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास चेंडू सोडून मोकळा होतो.

हे मी माझ्याच संघात पाहिलंय. एका मोसमात मी ९७ स्पीडचा कॉर्नर घेतला होता, मॅन कव्हरेज साठीच्या घरात. समोरच्या संघाने त्याच्यावर एकच रूट (रिसीव्हरने धावायचा ठरलेला मार्ग) लावला: दहा यार्ड सरळ, मग बाहेर वळल्यासारखं करायचं आणि परत सरळ. रिसीव्हरचा खांदा बाहेर वळला, माझा कॉर्नर दोन पावलं बाहेर गेला, कंबर फिरली, आणि तो परत सरळ होईपर्यंत चेंडू हवेत होता. मग तो पळाला, आणि काय पळाला! एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाची पट्टी, जिथे चेंडू नेला की टचडाउन) तीन यार्ड आत त्याने रिसीव्हरला गाठलं. टचडाउन झाल्यावर. त्याच सामन्यात तोच डाव पुन्हा लागला आणि पुन्हा तेच झालं. दुसऱ्या बाजूला माझा ८९ स्पीडचा जुना कॉर्नर होता, मॅन कव्हरेज नव्वदीच्या वर. त्याच्यावर त्यांनी हा रूट लावलाच नाही, कारण तो वळणाबरोबर वळत होता. खो-खो खेळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. हुलकावणीला फसणारा गडी कितीही पळका असला तरी त्याच्या हाती काही लागत नाही.

खऱ्या लीगचं २०२२चं ड्राफ्ट वर्ष या वादासाठी फार चांगलं आहे. केलन बार्न्स कंबाइनमध्ये ४.२३ सेकंदांत पळाला, कॉर्नरबॅकसाठी विक्रमी वेळ. त्याला सातव्या फेरीत कॅरोलायना पँथर्सने घेतलं आणि मोसम सुरू व्हायच्या आधी सोडून दिलं. त्याच वर्षी सॉस गार्डनर ४.४१ पळाला, न्यूयॉर्क जेट्सने चौथ्या क्रमांकावर घेतला आणि पहिल्याच मोसमात तो ऑल-प्रोच्या (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या संघात गेला. स्पीडच्या बाजूने बोलणारं उदाहरणही याच वर्षीचं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. तारिक वूलेन ४.२६ पळाला, पाचव्या फेरीत सिएटल सीहॉक्सकडे गेला आणि पहिल्या मोसमात सहा इंटरसेप्शन घेतली. पण वूलेनची उंची सहा फूट चार इंच आहे. नुसत्या वेगावर तो तिथे पोचला असता, तर त्याच्याहून वेगवान असलेल्या बार्न्सला पँथर्सने मोसमाआधीच सोडलं नसतं.

कार्डावर पाहायचं झालं तर स्पीडच्या शेजारी दोन आकडे असतात, त्यांच्याकडे फार कमी लोक बघतात: ॲक्सिलरेशन आणि चेंज ऑफ डिरेक्शन. कॉर्नरचं बहुतेक काम पहिल्या दहा-पंधरा यार्डांत असतं आणि तिथे थांबून, वळून पुन्हा वेग पकडणं लागतं. ८९ स्पीड आणि ९४ ॲक्सिलरेशनचा कॉर्नर मला ९५ आणि ८७वाल्यापेक्षा कधीही चालेल.

‘बाकी सगळं शिकवता येतं’ हे अर्धसत्य आहे. कव्हरेजचे आकडे वाढतात हे खरं, पण ते फुकट वाढत नाहीत. प्रत्येक वाढीमागे अनुभवाचे पॉइंट आणि मोसम जातात, आणि खेळाडूची डेव्हलपमेंट (आकडे वाढण्याचा वेग) साधी असेल तर साठीतला आकडा नव्वदीला नेईपर्यंत त्याचा पहिला करार संपत येतो. तोवर तुम्ही त्याच्या डोक्यावरून टचडाउन खात बसता. ज्या लीगमध्ये खेळाडू स्वतः घडवायचा असतो आणि वरच्या आकड्यांना पॉइंट जास्त लागतात, तिथे तर हा सल्ला सरळसरळ नुकसानीचा आहे. स्पीडच्या शेवटच्या तीन-चार पॉइंटांच्या किमतीत कव्हरेजचे कितीतरी पॉइंट येऊ शकतात.

अवेअरनेसचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे दोन आकड्यांची सरमिसळ झालीये. अवेअरनेस (एकूण सजगता) वेगळा आणि प्ले रेकग्निशन (समोरचा डाव ओळखणं) वेगळं. अवेअरनेस ओव्हरऑल फुगवतो ही तक्रार पूर्ण खोटी नाही. दोन कॉर्नरांचं ओव्हरऑल सारखं असेल आणि एकाचं नुसत्या अवेअरनेसवर उभं असेल, तर मीही दुसऱ्याला घेईन. पण लोक अवेअरनेससोबत प्ले रेकग्निशनही केराच्या टोपलीत टाकतात. समोरच्याने धावेचा देखावा करून पास टाकला तर किती लवकर भानावर यायचं, चेंडू कुणाकडे चाललाय हे कधी ओळखायचं, हे सगळं प्ले रेकग्निशनच्या आकड्यात आहे. माणूस खेळत असेल तर तो स्वतः ओळखतो. सिममध्ये हा आकडा कमी असलेला कॉर्नर धावेच्या देखाव्याला बळी पडून पुढे धावतो, आणि वेगवान असेल तर चुकीच्या दिशेला आणखी लांब जातो.

लीगच्या पद्धतीप्रमाणेही इथे फरक पडतो. सामना खरोखर एकेक डाव खेळवला जात असेल तर वरचे आकडे बघा. पण जिथे वेळ वाचवायला नुसता निकाल काढतात, तिथे मैदानावर कुणी धावतच नाही. मग तुमच्या ९७ स्पीडला पळायला जागाच कुठे आहे? तिथे ओव्हरऑलची किंमत जास्त, आणि ‘फुगवलेला’ म्हणून हिणवलेला अवेअरनेससुद्धा तुमच्याच कामाला येतो. लीगमध्ये शिरण्याआधी लीग चालवणाऱ्या कमिशनरला हा एक प्रश्न जरूर विचारा.

आता झोन. ‘मॅन न जमणाऱ्यांसाठी झोन’ हे वाक्य वाचलं की मला सिएटलचा कॉर्नर रिचर्ड शर्मन आठवतो. कॉलेजात आधी रिसीव्हर, ४० यार्डांना साडेचार सेकंदांहून जास्त वेळ, २०११ला पाचव्या फेरीत १५४व्या क्रमांकावर गेलेला. सिएटलने त्याला मुख्यतः कव्हर थ्री या झोन बचावात एका बाजूला उभं केलं, आणि २०१३च्या मोसमात आठ इंटरसेप्शन घेऊन तो लीगमध्ये पहिला आला. जॉश नॉर्मन हा दुसरा कॉर्नर तर कंबाइनमध्ये ४.६६ पळाला होता. सल्ला मानणाऱ्याने त्याचं नाव यादीतूनच काढलं असतं. कॅरोलायनाच्या झोनप्रधान बचावात तो २०१५ला ऑल-प्रो झाला, त्या मोसमात संघाने १५ सामने जिंकले आणि एक हरला.

झोनमध्ये कॉर्नर क्वार्टरबॅककडे तोंड करून उभा असतो. त्याला चेंडू सुटताना दिसतो. म्हणून तिथे झोन कव्हरेज, प्ले रेकग्निशन आणि उंच उडी यांवर भर द्या. मॅनमध्ये त्याची पाठ चेंडूकडे आणि डोळे रिसीव्हरच्या कमरेवर असतात. तिथे मॅन कव्हरेज, चेंज ऑफ डिरेक्शन आणि स्पीड आले. प्रेस (डाव सुरू होताच रिसीव्हरला अंगावर जाऊन अडवणं) खेळवणार असाल तर प्रेसचा आकडा समोरच्या रिसीव्हरच्या रिलीजशी, म्हणजे त्यातून सुटण्याच्या आकड्याशी भिडतो, आणि तो कमी असेल तर पहिल्याच पावलाला हार. आधी आपला बचाव ठरवा, मग कॉर्नर शोधा. बहुतेक लोक उलटं करतात. वेगवान कॉर्नर घेतात, त्याला झोनमध्ये उभं करतात आणि मग गेमच्या इंजिनला शिव्या घालतात.

इंटरसेप्शनचं म्हणाल तर १९ जानेवारी २०१४चा सिएटल विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को सामना काढून बघा. सिएटल २३-१७ पुढे, शेवटची काही सेकंदं, सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक कॅपरनिकने एंड झोनच्या कोपऱ्यात रिसीव्हर क्रॅबट्रीकडे चेंडू टाकला. शर्मन मागे वळून उडाला आणि बोटांनी चेंडू मागे ढकलला. मागून येणाऱ्या सिएटलच्याच माल्कम स्मिथने तो झेलला. सिएटल सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला गेलं. त्या चेंडूचं इंटरसेप्शन स्मिथच्या नावावर आहे, शर्मनच्या नाही. उलट उदाहरण हवं असेल तर २०२१चा कॉर्नर ट्रेव्हन डिग्ज घ्या. ११ इंटरसेप्शन, पण त्याच मोसमात त्याच्यावरून निघालेले यार्डही लीगमध्ये सर्वाधिकांत मोजले गेले. तो वाईट कॉर्नर आहे असं माझं म्हणणं नाही. पण एकट्या त्या आकड्यावर खेळाडू निवडला की त्याच्यासोबत काय येतं ते दिसावं. सिम लीगमध्ये कॅचिंगचा आकडा बघून कॉर्नर घेणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: आधी कॉर्नर चेंडूजवळ पोचला पाहिजे. कॅचिंगचा उपयोग त्यानंतर. आणि मोसमअखेर इंटरसेप्शनच्या आधी हे मोजा, की त्याच्याकडे किती चेंडू टाकले गेले आणि त्यांतले किती पूर्ण झाले. चांगल्या कॉर्नरकडे चेंडू येणंच कमी होतं.

राहिलं टॅकलिंग. डिऑन सँडर्स या जुन्या नामांकित कॉर्नरचं नाव घेऊन सांगतात की कॉर्नरला टॅकल करायची गरज नाही. डिऑनसारखं कव्हरेज तुमच्या कॉर्नरकडे असेल तर खुशाल सोडा. नसेल तर बाजूने फेकलेला छोटा स्क्रीन पास हा सिममधला नेहमीचा डाव आहे हे लक्षात ठेवा. तिथे रिसीव्हर आणि एंड झोन यांच्यामध्ये कधीकधी एकटा कॉर्नर असतो. पन्नाशीतल्या टॅकलिंगचा कॉर्नर तिथे हातांनी ओढायला जातो, रिसीव्हर झटकून निघतो, आणि पाच यार्डांचा पास चाळीसचा होतो. कॉर्नर रॉन्डे बार्बर टॅम्पाच्या कव्हर टू या झोन बचावात १६ मोसम हेच काम करत होता: बाहेरची धाव अडवायची, स्क्रीन फोडायचा, मधूनच क्वार्टरबॅकवर चालून जायचं. १९९७च्या तिसऱ्या फेरीतला खेळाडू, ४७ इंटरसेप्शन आणि २८ सॅक (पास सुटायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं), २०२३ला हॉल ऑफ फेममध्ये. कव्हर टू खेळवत असाल तर टॅकलिंग ७०च्या खाली असलेला कॉर्नर मी तरी बाहेरच्या बाजूला उभा करणार नाही, त्याचं स्पीड काहीही असो.