डेटाबेस निवडताना घ्यावयाची बेफिकिरी

जळगावात तुमचं ठिबक बसवून देण्याचं ऑफिस आहे. पाच माणसं, रावेरपासून धुळ्यापर्यंत पसरलेली कामं, आणि कुठलं काम कुठवर आलं ते नोंदवणारं टूल बनवायचंय. अभिनंदन! आता नोंदी किती, एका वेळी लिहिणार किती जण, असले हिशेब करत बसू नका. थेट डेटाबेसवर भांडायला घ्या.

एसक्यूलाइटचं नाव कोणी काढलं तर हसा. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, सगळा कारभार एका फाइलीत. याला काय डेटाबेस म्हणायचं? 2000 सालापासून चालतंय, तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे, हे मनावर घेऊ नका. ‘एका वेळी एकच जण लिहू शकतो’ हे वाक्य मात्र पाठ करा. ते लिहिणं बहुधा काही मिलिसेकंदांत उरकतं, हे बोलायचं नाही. (तुमच्या ऑफिसात एकाच मिलिसेकंदाला दोघांना काम करताना कोणी पाहिलंय?) तरी घ्यावंच लागलं, तर फाइल नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये टाका आणि पाचही कॉम्प्युटरांवरून उघडा. तिथं लॉकिंगचा, म्हणजे एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवण्याचा, भरवसा नसतो. फाइल बिघडली की म्हणा, ‘मी सांगितलं होतं.’

त्याऐवजी मायएसक्यूएल हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घेतलात? कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) ‘यूटीएफ8’ ठेवा. त्यात एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरी अक्षरं तीन बाइटांत बसतात, म्हणून चाचणीत सगळं झकास दिसेल. मग धुळ्याकडचा शेतकरी ‘पानी ई ऱ्हायनं भाऊ’ लिहून पुढे हात जोडलेली इमोजी टाकेल. तिला चार बाइट लागतात. अख्खी नोंदच नाकारली जाईल. चार बाइट सामावणारा ‘यूटीएफ8एमबी4’ 2010 पासून आहे, पण एवढं लांब नाव टाइप कोण करणार?

पोस्टग्रेस या तिसऱ्या डेटाबेसची अडचण वेगळी: एका साध्या सर्व्हरवर ते मुकाट चालतं, मग तुमची हुशारी दिसणार कशी? पुण्यातल्या भाच्याला विचारा. तो दोन रेप्लिका (डेटाबेसच्या जुळ्या प्रती) आणि क्युबरनेटीस (अनेक सर्व्हरांवरचा कारभार सांभाळणारी यंत्रणा) सुचवेल. चौघांच्या भरिताला लग्नाचा मांडव, पण फोटो छान येतात.

बॅकअप घ्याच. त्याच मशीनवर, त्याच डिस्कवर. तो परत चढवून बघण्याचा अपशकुन मात्र करू नका. मे महिन्यात भरदुपारी लाइट गेली आणि डिस्क बसली, तरी घाबरायचं कारण नाही. सुपरवायझरभाऊंनी सगळं वहीत लिहून ठेवलेलं असतं. त्या वहीतही एका वेळी एकच जण लिहितो, पण ते आजवर कोणाला खटकलेलं नाही.