खुलासा : ड्यूकमध्ये कारचं ऑइल चालतं का?
'केटीएमच्या ३९० ड्यूक बाइकमध्ये कारचं सिंथेटिक ऑइल घाला, सारखंच असतं, स्वस्त पडतं' असा मेसेज पुण्यातल्या रायडर ग्रुपांवर फिरतोय. सारखं नसतं. सिंथेटिकला कुणाची हरकत नाही, अडचण क्लचची आहे. या बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. इंजिन, गिअर, क्लच तिघांना एकच ऑइल. कारच्या बऱ्याच ऑइलांत, विशेषतः पातळ ग्रेडमध्ये, घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. त्यांनी क्लच घसरायला लागला की कात्रजचा घाट चढताना आरपीएम (इंजिनचे फेरे) वाढतो, वेग वाढत नाही. मग क्लचप्लेटा बदला. वाचलेले पैसे गेलेच. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (JASO MA, MA2 : ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची जपानी मानकं) लिहिलेलं बघून घ्या. 'एमबी' नको, ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. ग्रेड, म्हणजे ऑइल किती घट्ट-पातळ हवं ते, मॅन्युअलमध्ये छापलेला असतो (तेही कुणीतरी उघडावं).