‘फोनच खराब दिला’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की नवा फोन घेतला, संध्याकाळभर दुकानात बसलात, तरी यूपीआय सुरू झालं नाही. ‘एसएमएस व्हेरिफिकेशन फेल’ एवढंच येत राहिलं, आमच्या मुलाने ‘उद्या बघू’ म्हणून टाळलं आणि कस्टमर केअरशी बोलताना तुमचा कॉल मध्येच कट केला. म्हणून फोन बदलून हवाय.

फोन बदलून देता येणार नाही, कारण त्यात दोष नाही. तुम्ही त्याच दिवशी सिम बदलून आणलं होतं. सिम बदललं की पहिले २४ तास त्यावरून एसएमएस जात नाहीत, येतही नाहीत. हा दूरसंचार विभागाचा नियम आहे. कॉल लागतो, नेट चालतं, त्यामुळे सगळं सुरू झालं असंच वाटतं. नियमाचा वैताग येतो, मान्य. पण उद्या कोणी तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं, तर बँकेला कळवायला तेवढीच सवड मिळते.

बरेच जण इथे ओटीपी येण्याची वाट बघत बसतात. यूपीआयचं उलटं आहे. ॲप तुमच्या सिमवरून बँकेकडे एक मेसेज पाठवतं. तो कुठल्या नंबरवरून आला ते बघून तो नंबर त्या फोनशी जोडला जातो. मेसेज बाहेरच पडला नाही तर वायफाय कितीही जोरात असो, उपयोग नाही. खात्याला जोडलेला नंबर, सिमचा स्लॉट, ॲपची एसएमएस परवानगी, रिचार्जमध्ये एसएमएस आहेत का, हे सगळं मुलाने तपासलं होतं. (आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी त्या शेवटच्या कारणाच्याच असतात. स्वस्तातला पॅक, त्यात एसएमएस नाही आणि बॅलन्स शून्य.)

आता त्या कॉलबद्दल. तो नंबर तुम्ही नेटवर शोधला होता. पलीकडच्या माणसाने व्हॉट्सॲपवर अगम्य अक्षरांचा एक मेसेज पाठवला आणि तो तुमच्या सिमवरून एका नंबरला पाठवायला सांगितला. ताई, तो त्याच्या फोनवरच्या ॲपने तयार केलेला व्हेरिफिकेशनचा मेसेज होता. तो गेला असता तर तुमचा नंबर त्याच्या फोनला जोडला गेला असता. वर तो कार्डाचा फोटो मागत होता, कारण यूपीआय पिन बनवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि एक्स्पायरी लागते. त्या संध्याकाळी मेसेज गेला नसता हे खरं, पण दुसऱ्या दिवशी गेला असता. मुलाने कॉल कट केला त्याबद्दल मी त्याला काही बोललो नाही, बोलणारही नाही. कार्डाचा फोटो गेलाच असेल तर आधी कार्ड ब्लॉक करा. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

आता २४ तास उलटून गेलेत. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, बँकेत नोंदवलेला नंबर निवडून करून बघा. फेल झालं तर पुन्हा पुन्हा दाबत बसू नका, ॲप काही काळ अडवून ठेवतं. सुरू झाल्यावरही बहुतेक बँका पहिल्या दिवशी ₹५,००० च्या वर जाऊ देत नाहीत, तेव्हा भाडं लगेच पाठवायला जाऊ नका. नाहीच जमलं तर फोन, बँकेचं कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन या. पैसे पडणार नाहीत. रविवारी दुकान दुपारपर्यंतच उघडं असतं.