पासष्ट पाउंडांची हवा पाणंदीत कामाची नाही

माउंटन बाइक घेणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो, आता तो मोबाइलवरही फिरतो: "टायरवरचा मोठा आकडा बघा आणि तेवढी हवा भरा. सायकल हलकी पळते, काटा लागत नाही. दोन्ही चाकांत सारखीच हवा ठेवा. उन्हाळ्यात मात्र निम्मी करा, नाहीतर टायर फुटतो. गेज लागत नाही, अंगठा पुरतो." मराठवाड्यातल्या मुरमाच्या आणि दगडगोट्यांच्या वाटांवर यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही. वर चांगल्या ट्यूबा वाया जातात.

टायरवर ६५ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ६५ पाउंड दाब, असं लिहिलेलं असतं ते टायर कुठवर सहन करील हे सांगायला. रिमवरही मर्यादा छापलेली असेल, तर दोन्हींतली लहान ती पाळायची. पन्नास किलोच्या मुलीला आणि नव्वद किलोच्या गड्याला एकच हवा कशी चालेल? २.१ ते २.३ इंची टायरसाठी सुरुवात अशी करा: आपलं वजन किलोत घेऊन ३.२ ने भागा. येणाऱ्या आकड्यातून पुढच्या चाकासाठी १ वजा करा, मागच्यासाठी २ मिळवा. ७० किलोला पुढे २१ आणि मागे २४ पाउंड येतात. हे ट्यूबलेसचं, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरचं झालं. आत ट्यूब असेल तर दोन्हीकडे चार-चार वाढवा, म्हणजे २५ आणि २८. टायरवर किमान आकडा दिला असेल तर त्याच्या खाली जाऊ नका.

हलकी पळते हे खरं आहे, पण गुळगुळीत डांबरावर. संभाजीनगरहून दौलताबादमार्गे खुलताबादला डांबरानेच जाणार असाल तर ४०-४५ भरा. पाणंदीत शिरलात की गणित उलटतं. कडक टायर दगडावर दबत नाही, तो सायकलीला आणि स्वाराला वर उचलतो. पायांनी लावलेली ताकद पुढे जाण्याऐवजी त्या उसळण्यात जाते. मऊ टायर दगड पोटात घेऊन पुढे सरकतो. सुट्या मुरमाच्या चढावर तर कडक मागचं चाक जागच्या जागी फिरतं.

काट्याचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपल्याकडे बाभूळ, वेडी बाभूळ, बोर आणि सराटे यांच्यापासून सुटका नाही. बाभळीचा लांब काटा ६५ पाउंडांच्या टायरमध्येही तितक्याच सहज घुसतो. आतून ताणलेलं रबर त्याच्यासमोर दबतसुद्धा नाही. हवा वाढवून टळतं ते वेगळं पंक्चर. चाक दगडावर आदळलं की ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. पंक्चर काढताना एकच बारीक भोक दिसलं तर काटा, दोन चिरा दिसल्या तर हवा कमी होती. हे ओळखल्याशिवाय हवेचा आकडा बदलू नका.

काट्यावर इलाज सीलंटचा, म्हणजे आत ओतायच्या भोक बुजवणाऱ्या द्रवाचा आहे. २९ इंची ट्यूबलेस टायरला ९० ते १२० मिली घाला. व्हॉल्व्हची सुई निघत असेल तर साध्या ट्यूबमध्येही ६० ते ८० मिली घालता येतं. आपल्या उन्हात ते लवकर वाळतं, म्हणून दर दोन महिन्यांनी उघडून बघा. आणि ट्यूबला पॅच लावून लगेच टायर चढवू नका. मोडलेलं काट्याचं टोक टायरमध्ये राहतं आणि कोसभरात पुन्हा तीच जागा टोचते. आतून कापसाचा बोळा फिरवा, जिथे धागे अडकतील तिथे टोक आहे. ते पकडीने ओढून काढा, बोटाने चाचपू नका.

दोन्ही चाकांत सारखी हवा कशाला? बसल्यावर जास्त भार मागे पडतो. सारखीच भरली तर मागचं चाक रिमपर्यंत दबतं, नाहीतर पुढचं गरजेपेक्षा कडक राहून वळणावर घसरतं.

आता उन्हाळा. टायरमधला दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो, पण या हिशोबासाठी गेजच्या आकड्यात वातावरणाचे सुमारे १४.७ पाउंड मिळवायचे आणि सेल्सिअसमध्ये २७३. २५ अंशांना भरलेले ३० पाउंड ४३ अंशांना साधारण ३२.७ होतात. उन्हात उभी राहून टायर ६० अंशांपर्यंत तापला तरी ३५. यात फुटण्यासारखं काही नाही. पण ६५ भरलेले असतील तर ६० अंशांना ते ७४ होतात, मर्यादेच्या नऊ पाउंड वर. कन्नडच्या घाटात रिमवर घासणारे ब्रेक सतत दाबत उतरलात तर रिम आणखी तापते. म्हणजे टायर फुटण्याची भीती खरी असली तरी ती पहिल्याच सल्ल्यातून आलेली आहे. उलट ३० चे १५ केलेत तर ब्रेक दाबताना टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो, व्हॉल्व्ह तिरका होतो आणि शेवटी बुडाशी फाटतो. तो पॅचने जोडता येत नाही. हिवाळ्यात मात्र लक्ष हवं: परभणीत दुपारी ३५ अंशांना भरलेले ३० पाउंड पहाटेच्या १० अंशांना साडेसव्वीसच्या आसपास येतात. शिवाय ट्यूबमधून आठवड्याला पाउंड-दोन पाउंड आपोआप जातात.

अंगठ्याला २२ आणि २८ यांतला फरक कळत नाही, जाड भिंतीच्या टायरवर तर अजिबातच नाही. १६० पर्यंतचं घड्याळ असलेला उभा पंपही या पट्ट्यात नीट सांगत नाही. ६० पर्यंतचा किंवा डिजिटल गेज घ्या आणि कायम तोच वापरा. पेट्रोल पंपावर भरलीत तर ठोकून भरलेली हवा याच गेजने उतरवून घ्या. मग ओळखीच्या किलोमीटरभर वाटेवर दोन-दोन पाउंड कमी करत जा. रिम दगडाला ठक्क लागली किंवा वळणावर टायर लोळल्यासारखा वाटला की दोन पाउंड परत भरा. तो आकडा चिकटपट्टीवर लिहून सीटखालच्या नळीला लावा, पाणंदीचा वेगळा आणि डांबराचा वेगळा.